‘संपणे’ला समानार्थी शब्द किती, आणि कुठे कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका मोबाइल ॲपचा मजकूर तुम्ही मराठीत आणताय. त्यात कॉल संपतो, ऑफर संपते, विम्याची मुदत संपते, बॅटरी संपते, खेळ संपतो. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘समाप्त झाले’ लिहिलंत, ते ‘फार सरकारी वाटतं’ म्हणून परत आलं. दुसऱ्या खर्ड्यात सगळीकडे ‘संपले’ केलंत, तर ‘तेच तेच’ असा शेरा पडला. आता तुम्हाला ‘संपणे’च्या समानार्थी शब्दांची यादी हवी आहे आणि प्रत्येक शब्द कुठे वापरायचा तेही.

मी सत्तावीस वर्षं मुद्रितशोधन आणि भाषांतर करतो आहे, आधी एका दैनिकात आणि नंतर घरून. यादी हवी तर लगेच देतो: सरणे, आटोपणे, उरकणे, आवरणे, मिटणे, फिटणे, सुटणे, उठणे, ओसरणे, आटणे, विझणे, मावळणे, उलटणे, टळणे, पार पडणे, तडीस जाणे, संपुष्टात येणे, निकालात निघणे, खलास होणे, फस्त होणे. पण ही यादी समोर ठेवून ‘संपले’च्या जागी एकेक शब्द बसवत गेलात तर तिसरा खर्डाही परत येईल. कारण यातले बरेचसे शब्द एकमेकांच्या जागी बसतच नाहीत. कर्ज फिटतं, भांडण मिटतं, पूर ओसरतो. कर्ज मिटलं असं कधी ऐकू येतं, पण पूर फिटला असं कोणी म्हणणार नाही.

सगळ्यांत आधी ज्या शब्दाकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही त्याबद्दल बोलतो: ‘होणे’. मराठी माणूस दिवसभरात शेवट सांगायला सर्वांत जास्त वापरतो ते ‘झालं’. आणि ‘झालं’ व ‘संपलं’ यांतला फरक कळला की अर्धं काम झालं. ‘जेवण झालं’ म्हणजे पोट भरलं. ‘जेवण संपलं’ म्हणजे पातेलं रिकामं झालं. लग्नघरात पहिलं वाक्य समाधानाचं आहे, दुसरं ऐकून यजमानाचा चेहरा उतरतो. ‘त्यांचं लग्न झालं’ म्हणजे संसार सुरू झाला. ‘त्यांचं लग्न संपलं’ म्हणजे तो मोडला. ‘आमचं बोलणं झालं’ यात विषय मार्गी लागला, ‘आमचं बोलणं संपलं’ यात नातं तुटल्याचा वास आहे. ‘काम झालं’ म्हणणारा ज्यासाठी गेला होता ते घेऊन आलेला असतो. ‘काम संपलं’ म्हणणाऱ्या मजुराला उद्यापासून रोजगार शोधायचा असतो. म्हणजे ‘होणे’ हेतू साधल्याचं सांगतं आणि ‘संपणे’ शिल्लक उरली नाही असं सांगतं. तुमच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड समाप्त झाले’ असं असेल तर ते ‘डाउनलोड झाले’ किंवा ‘डाउनलोड पूर्ण झाले’ करा. तिथे ‘संपले’ सुद्धा चालणार नाही, कारण वापरणाऱ्याला फाइल मिळाली आहे, त्याचं काही सरलेलं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठीत शेवटाचं क्रियापद निवडताना ‘ही गोष्ट संपली का’ एवढं विचारून भागत नाही. ‘संपण्याआधी ती काय करत होती’ हे विचारावं लागतं. जे पेटलं होतं ते विझतं. जे उगवलं होतं ते मावळतं. जे चढलं होतं ते उतरतं, मग तो ताप असो, नशा असो, राग असो की अंगावरचं ऊन. जे उघडलेलं होतं ते मिटतं. जे मांडलं होतं ते मोडतं किंवा आवरलं जातं. सुरुवात ज्या क्रियापदाने झाली, शेवट त्याच्याच जोडीदाराने होतो. आपण हे लहानपणापासून बोलतो म्हणून जाणवत नाही, पण मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयांना शिकवताना मला ते लख्ख दिसलं. त्यांना अर्थ कळायचा, जोड्या मात्र एकेक करून पाठ कराव्या लागायच्या.

‘भरणे’ घ्या. शाळा भरते आणि सुटते. बाजार भरतो आणि उठतो. जत्रा भरते आणि फुटते. दरबार भरतो आणि बरखास्त होतो. नदी भरून येते आणि ओसरते. पापाचा घडा भरतो आणि फुटतो. ‘शाळा संपली’ म्हणता येतं, पण त्याचा अर्थ वेगळा: दहावी झाली, आता ते दप्तर नाही, तो गणवेश नाही. ‘शाळा सुटली’ मध्ये उद्या पुन्हा जायचं आहे. एक क्रियापद बदललं की एका दिवसाची दहा वर्षं होतात.

‘बसणे’ची जोडी ‘उठणे’. पंगत बसते आणि उठते. नवरात्रात घट बसतात आणि उठतात. फारसीतून आलेला ‘बरखास्त’ हा शब्दही मुळात ‘उठला’ याच अर्थाचा आहे. दरबार बरखास्त झाला म्हणजे दरबार उठला. परक्या भाषेतून आलेला शब्द आपल्या ‘पंगत उठली’च्या शेजारी इतका नेमका बसावा, हे मला फार सुंदर वाटतं.

सर्वांत श्रीमंत घराणं ‘लागणे’चं. ग्रहण लागतं आणि सुटतं. व्यसन लागतं, नाद लागतो, नोकरी लागते. हेही सगळं सुटतं. पण भूक लागते ती सुटत नाही, भागते. (भूक सुटणे हा वेगळा प्रयोग, ती जोरात लागली असा.) तहानही भागते. आग लागते आणि विझते. उचकी लागते आणि थांबते. दृष्ट लागते आणि ती उतरवावी लागते. सुतक लागतं आणि फिटतं. पाऊस लागतो, म्हणजे धरून बसतो, आणि मग उघडतो. ‘पाऊस उघडला’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पाऊस सुरू झाला असं वाटतं. प्रत्यक्षात आभाळ उघडलेलं असतं. इथे ‘पाऊस संपला’ म्हटलंत तर ऐकणारा वेगळंच समजेल: हंगाम गेला, आता पुढच्या जूनशिवाय तो नाही.

‘फिटणे’ आणि ‘सुटणे’ हे दोन्ही गाठीचे शब्द आहेत, आणि दोन्हींत सुटकेचा श्वास आहे. कर्ज फिटतं, नवस फिटतो, उपकार फिटत नाहीत, हौस फिटते, पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं. यात माणूस काहीतरी देणं लागत होता, ते चुकतं झालं. गहाण टाकलेलं सोनं सुटतं, उपास सुटतो. तुमच्या ॲपमध्ये कर्जाच्या हप्त्यांचा भाग असेल, तर शेवटचा हप्ता भरणाऱ्याला ‘आपले कर्ज खाते समाप्त झाले आहे’ असं दाखवू नका. वीस वर्षं हप्ता भरलेल्या माणसाला ‘तुमचं कर्ज फिटलं’ हे तीन शब्द वाचायचे असतात. कायदेशीर पत्रात बँकेने काय लिहायचं ते लिहावं. पडद्यावर तरी त्याच्या मनातला शब्द येऊ द्या.

आता ‘उरकणे’, ‘आटोपणे’ आणि ‘आवरणे’. हे तिघे जवळचे वाटतात आणि इथेच सर्वाधिक घोटाळे होतात. मीही केला आहे. दैनिकातलं माझं दुसरं वर्ष होतं. सामुदायिक विवाहाच्या एका बातमीला मथळा द्यायचा होता आणि ओळीत जागा कमी होती. ‘पार पडले’ बसेना, म्हणून मी ‘उरकले’ केलं: इतक्या जोडप्यांचे विवाह उरकले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका वधूचे वडील कचेरीत आले. रागावले नव्हते. कात्रण पुढे करून एवढंच म्हणाले, “साहेब, पोरीचं लग्न आम्ही उरकलं नाही, केलं.” मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर ‘उरकणे’ लिहिताना मी दर वेळी थांबतो.

उरकण्यात ओझं आहे. जे करायलाच हवं पण ज्यात जीव नाही, ते आपण उरकतो: भांडी, फोन, अंघोळ, हजेरीपुरता दौरा. म्हणून ‘त्यांनी मुलीचं लग्न घाईत उरकलं’ या वाक्यात काहीतरी लपवल्याची शंका आपोआप येते. गंमत अशी की याच क्रियापदाचं नाम, ‘उरक’, कौतुकाचं आहे. ‘तिला कामाचा उरक भारी’ म्हणजे ती झपाट्याने आणि नीट कामं हातावेगळी करते. क्रियापद कामाचं ओझं सांगतं आणि नाम करणाऱ्याचं सामर्थ्य, म्हणून दोन्ही एकाच शब्दात नांदतात.

‘आटोपणे’मध्ये गोळा करून आवाक्यात आणण्याची कल्पना आहे. म्हणूनच नेटक्या, बेताच्या घराला ‘आटोपशीर’ म्हणतात. वक्ता लांबला की त्याला भाषण ‘आटोपतं घ्या’ अशी चिठ्ठी जाते. ‘संपवा’ म्हटलं तर अपमान होईल, ‘आटोपतं घ्या’ मध्ये त्याला दोन वाक्यांची मोकळीक मिळते. क्रिकेटच्या मराठीने हे क्रियापद खास आपलंसं केलं आहे. २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर भारताचा डाव ५४.४ षटकांत १८३ धावांवर आटोपला आणि मग वेस्ट इंडिजचा १४० धावांत. इथे ‘आटोपला’ म्हणजे दहाही गडी बाद झाले. षटकं पूर्ण होऊन डाव थांबला असेल तर क्रीडा पानावरचा जाणता माणूस ‘आटोपला’ लिहीत नाही, ‘भारताने ५० षटकांत ७ बाद अमुक धावा केल्या’ असं लिहितो. आणि गोलंदाजांचं श्रेय दाखवायचं असेल तर ‘डाव गुंडाळला’. हा ‘गुंडाळणे’ ‘गाशा गुंडाळणे’चा भाऊ. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं आच्छादन. मुक्काम हलवताना तो गुंडाळायचा. त्यामुळे ‘कंपनीने गाशा गुंडाळला’ मध्ये नुसता शेवट नाही, निघून जाणंही आहे. जी कंपनी जागच्या जागी बुडाली तिच्यासाठी हा वाक्प्रचार बसत नाही.

‘आवरणे’ घरातलं. ‘आवरलं का?’ हा प्रश्न सकाळी विचारला तर त्याचा अर्थ तयार झालात का, आणि रात्री स्वयंपाकघरात विचारला तर मागचं सगळं धुऊनपुसून झालं का. तीच गोष्ट ‘आटप लवकर’ची, इथे तर शेवटाचं क्रियापद चक्क ‘घाई कर’ या अर्थाने वापरात आहे.

‘सरणे’वर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण पुण्या-मुंबईचे भाषांतरकार याला काव्यातला शब्द समजून बाजूला ठेवतात. पुस्तकी मराठीत तो खरोखर हळवा झाला आहे: रात्र सरली, सरतं वर्ष, दिवस सरता सरेनात. पण विदर्भात आणि मराठवाड्यात ‘तेल सरलं’, ‘पीठ सरलं’ ही रोजची वाक्यं आहेत, त्यात काव्य वगैरे काही नाही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ या म्हणीत तोच रोखठोक ‘सरणे’ आहे. याच्या मुळाशी हालचाल आहे. सरणे म्हणजे पुढे सरकणे, जाणे. जे थोडं थोडं करून जातं ते सरतं. म्हणून महिना सरतो, उन्हाळा सरतो, डब्यातलं तेल सरतं. बल्ब सरत नाही, कारण तो हळूहळू कमी होत नाही, एकदम जातो. गोव्यात कोंकणीत ‘सोंपलें’ ऐकलंत तर तो आपल्या ‘संपलं’चाच सख्खा शेजारी आहे हे लगेच कळेल.

काळासाठी आणखी तीन क्रियापदं आहेत. तारीख ‘उलटते’: ठरलेला बिंदू मागे पडला. मुहूर्त ‘टळतो’: हातचा गेला. वर्षं ‘लोटतात’: बरीच गेली आणि मोजली नाहीत. ‘चाळिशी उलटली’ आणि ‘चाळिशी सरली’ यांत दहा वर्षांचं अंतर पडू शकतं. पहिलीत माणूस चाळीस पार करून पुढे आला, दुसरीत पन्नाशीच्या दारात उभा आहे.

याला जोडूनच ‘वेळ’चं लिंग सांगतो, कारण ॲपच्या मजकुरात ही चूक मी फार पाहतो. ठरलेला प्रहर सांगायचा असेल तर ‘वेळ’ स्त्रीलिंगी: बँकेची वेळ संपली, औषधाची वेळ झाली, जेवणाची वेळ टळली. हाताशी असलेला कालावधी सांगायचा असेल तर पुल्लिंगी: माझा वेळ गेला, उत्तर द्यायचा वेळ संपला. परीक्षेच्या ॲपमध्ये ‘तुमची वेळ संपली’ लिहिलं तर धमकी दिल्यासारखं वाटतं, जणू आयुष्याची घटका भरली. तिथे ‘तुमचा वेळ संपला’ हवं.

आता असा भाग, जिथे मराठी माणूस शेवटाचा शब्द मुद्दाम टाळतो. माझ्या आजीसमोर ‘तांदूळ संपले’ म्हणायची सोय नव्हती. ‘तांदूळ आणायला झालेत’ म्हणायचं. पिठाचा डबा तळाला गेला की ‘दळण करायला झालंय’. घरातल्या धान्याला ‘नाही’ म्हणायचं नाही, हा त्यामागचा भाव. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तर ते वाढलं. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. समई विझत नाही, शांत होते. निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. गणपतीच्या उत्तरपूजेत ‘पुनरागमनाय च’ म्हणतात आणि रस्त्यावर ‘पुढच्या वर्षी लवकर या’, अर्थ एकच. या सगळ्यात शेवटाचं वाक्य पुढच्या सुरुवातीकडे तोंड करून उभं केलेलं आहे. किराणा मागवायच्या ॲपसाठी लिहीत असाल तर हे लक्षात ठेवा. ‘तुमचे तांदूळ संपले?’ यापेक्षा ‘तांदूळ आणायला झालेत का?’ हा प्रश्न घरातला वाटतो, आणि जाहिरात म्हणूनही जास्त चालेल.

माणसाच्या बाबतीत ‘संपणे’ जपून वापरा. मृत्यूसाठी आपल्याकडे गेले, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, निधन झालं असे किती तरी शब्द आहेत. बातमीत ‘निधन’, घरात ‘गेले’, एवढं पुरतं. ‘तो संपला’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी त्याची सद्दी किंवा उमेद संपली असा अर्थ निघतो. ‘संपल्यात जमा’ म्हणजे अजून आहे, पण धरू नका. आणि ‘संपवला’ म्हणजे मारला. ‘खपणे’ तर दुधारी आहे: माल खपला म्हणजे विकला गेला, माणूस खपला म्हणजे मेला, आणि कष्टासाठी खपला म्हणजे राबला.

समारंभाच्या शब्दांत ‘सांगता’ आणि ‘संपन्न’ यांचा वापर ढिला झाला आहे. ‘सांगता’ मूळचा ‘स-अंग’ यावरून आला, म्हणजे सर्व अंगांसह पूर्ण होणे. पारायणाची सांगता होते, महोत्सवाची होते, कारण त्यांना क्रम आणि अंगं असतात. संपाची किंवा भांडणाची सांगता होत नाही. संप मिटतो किंवा मागे घेतला जातो. ‘संपन्न’चा ‘संपणे’शी संबंध नाही, तो सम् आणि पद् यांच्यापासून आला, म्हणजे सिद्धीस गेलेला. ‘सोहळा संपन्न झाला’ बरोबर आहे, पण ‘निवडणूक प्रचार संपन्न झाला’ असं वाचलं की लिहिणाऱ्याच्या कानात ‘संपला’ वाजत होतं हे कळतं. व्रताचं उद्यापन, सप्ताहाचा काला, मैफलीची भैरवी, संस्कृत नाटकाचं भरतवाक्य, परिषदेचा समारोप: प्रत्येक प्रकाराला त्याचा शेवट आहे. ज्याला भैरवी माहीत आहे तो गायनाच्या कार्यक्रमाच्या बातमीत ‘समारोप’ लिहिणार नाही.

‘संपुष्टात येणे’बद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण या शब्दाचं मला मोठं प्रेम आहे. संपुष्ट म्हणजे देव ठेवायची लहानशी धातूची डबी, ‘संपुट’चं रूप. ‘संपुष्टात आणणे’ म्हणजे पसरलेलं गोळा करून एवढ्याशा डबीत मावेल असं करणे. तिथून ते ‘थोडक्यात आणणे’ आणि मग ‘नाहीसं करणे’ इथवर पोचलं. म्हणून ज्याचा पसारा होता, अंमल होता, हक्क होता, तेच संपुष्टात येतं: राज्य, अधिकार, करार, सदस्यत्व. बॅटरी संपुष्टात येत नाही.

तसाच ‘खतम’. अरबीत तो शिक्क्याशी जोडलेला आहे, शेवटी मोहोर उमटवली की काम पुरं. आपल्या मोडी कागदपत्रांतही शेवटाला मोर्तब असायची. शिवछत्रपतींच्या पत्रांवर मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हा छोटा शिक्का दिसतो. म्हणजे इथे मर्यादा आली, यापुढे कोणी ओळ घुसवू नये. ‘शिक्कामोर्तब’ आपण आजही म्हणतो, ते अंतिम होण्याच्या अर्थाने.

सरकारी मराठीवर टीका करणं सोपं आहे, पण तिथले काही भेद खरे आहेत आणि ते पाळायला हवेत. विधानसभेची बैठक तहकूब होते, अधिवेशन संस्थगित होतं आणि विधानसभा विसर्जित होते. तिन्हींना ‘संपली’ म्हटलं तर बातमी चुकेल. पहिल्यात दुपारनंतर पुन्हा बैठक आहे, दुसऱ्यात थेट पुढचं अधिवेशन, तिसऱ्यात निवडणूक. डबघाईला आलेली पतसंस्था ‘अवसायनात’ जाते, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला घेतात. त्याच कुळातल्या ‘अवसान’चा संस्कृतातला अर्थ शेवट, आणि मराठीत मात्र ‘अवसान आणणे’ म्हणजे बळ गोळा करणे. ‘समाप्त’ही माझ्या मते वाईट शब्द नाही. ‘संपणे’ त्याच कुळातलं मानतात. पण तो पाटीवरचा शब्द आहे, बोलण्यातला नाही. रस्त्याकडेला ‘हद्द समाप्त’ अशी पाटी चालते. तीच गोष्ट वाटाड्या सांगेल तेव्हा ‘गावाची हद्द इथे संपली’ म्हणेल. आणि कोणी ‘आता हद्द झाली!’ म्हटलं तर तो संतापला आहे.

व्याकरणातली एकच गोष्ट, कारण ती तुमच्या कामाची आहे. ‘संपणे’ आपसूक घडतं, ‘संपवणे’ कोणीतरी करतं. ‘वाचणे’सारख्या क्रियापदापुढे शेवट जोडताना मात्र मराठीत चार वाटा आहेत. ‘पुस्तक वाचून झालं’ म्हणजे एक काम पुरं झालं. ‘वाचून संपवलं’ म्हणजे मोठं होतं, शेवटपर्यंत नेलं. ‘वाचून काढलं’ म्हणजे नेट लावून, एका दमात. ‘वाचून टाकलं’ म्हणजे एकदाचं केलं, डोक्यावरून उतरलं. वाचनाच्या ॲपमध्ये वाचकाला शाबासकी द्यायची तर पहिला किंवा दुसरा प्रयोग घ्या.

आता तुमची वाक्यं. कॉल दोघांनी बोलून ठेवला असेल तर ‘कॉल संपला’. रेंज गेल्याने गेला असेल तर ‘कॉल तुटला’. हे दोन संदेश वेगळे ठेवा, माणसाला पुन्हा फोन लावायचा की नाही हे त्यावरून ठरतं. बॅटरीला ‘संपत आली आहे’ हा इशारा योग्य. ‘उतरली’ हेही लोक म्हणतात, पण लेखी ‘संपत आली’ बरं. ऑफरला ‘संपली’, साधं. दुकानातल्या वस्तूला ‘साठा संपला’. टॅक्सीच्या फेरीला ‘प्रवास पूर्ण झाला’, कारण माणूस पोचला. मुलांच्या खेळात हरल्यावर ‘खेळ संपला’ आणि जिंकल्यावर ‘डाव जिंकलात’. दोन्हीकडे ‘समाप्त’ लिहून हार-जीत एक करू नका. बराच वेळ हालचाल न झाल्याने खातं आपोआप बंद होतं तिथे ‘सत्र समाप्त’ काढून टाका आणि ‘बराच वेळ वापर न झाल्याने तुम्ही बाहेर पडला आहात. पुन्हा लॉग इन करा’ असं लिहा. ‘सत्र’ हा शब्द कॉलेजातल्या मुलाला परीक्षा आठवून देतो, बाकीच्यांना काहीच नाही.

सगळ्यांत जास्त काळजी विमा आणि ठेवींच्या भागात घ्या. तुमच्या खर्ड्यात ठेव, परवाना आणि पॉलिसी तिन्हींना ‘मुदत समाप्त’ आहे. ठेवीची मुदत ‘पूर्ण झाली’ म्हणजे पैसे व्याजासह मिळणार. वाहन परवान्याची मुदत ‘संपली’ म्हणजे उद्या गाडी चालवता येणार नाही. हप्ता चुकल्यामुळे पॉलिसी ‘बंद पडली’ म्हणजे आज काही झालं तर घरच्यांना रक्कम मिळेलच असं नाही, थकलेले हप्ते भरून ती पुन्हा चालू करून घ्यावी लागेल. कागदोपत्री तिथे ‘व्यपगत’ हा शब्द येतो, तो खाली बारीक अक्षरात राहू द्या. वर मोठ्या अक्षरात ‘हप्ता न भरल्याने तुमची पॉलिसी बंद पडली आहे’ हेच लिहा, आणि त्याच्या लगेच खाली ती पुन्हा चालू करण्याचं बटण ठेवायला सांगा.